तीन बोटांवरची भूक

लोकर कातरायचा दिवस थोरलीला फार आवडायचा. त्या दिवशी सगळं घर जमिनीपासून वीतभर वर उचललंय असं तिला वाटे. अंगणभर लोकर पसरलेली असे आणि झुळूक आली की एखादा पुंजका उठून घरात शिरे, पाण्याच्या हंड्यावर बसे, कुणाच्या तरी भुवईला चिकटे. ती मूळचीच जरा हवेतली बाई. चुलीवर दूध ठेवून दाराबाहेर बघत राही आणि दूध उतू जाऊन चूल विझली की मग भानावर येई. सासू होती तोवर म्हणायची, हिचं अंग आमच्याकडे नांदायला आलंय, मन अजून वाटेतच आहे. पण हाताची मोठी गुणी. चरख्यावर बसली की तिच्या बोटांतून असं सूत निघे की बघणाऱ्याची नजर खिळावी.

यंदा कातरायला धाकटा बसला होता, म्हणजे तिचा दीर. एरवी हे काम तिच्या नवऱ्याचं, थोरल्याचं. पण पावसाळ्याच्या तोंडावर तो उतारावरून घसरला आणि पाय मोडून बसला. एकदा जुळलेलं हाड वाकडं जुळलं म्हणून डॉक्टरनं थंडीत ते पुन्हा मोडून बसवलं. आता तो काठी घेऊन चालत होता, पण गुडघे टेकून मेंढीला मांडीत धरणं त्याच्याच्यानं होत नव्हतं. तो बाजेवर बसून हुकूम सोडत होता आणि धाकटा ते हुकूम एका कानानं ऐकत होता. खुद्द मेंढ्या तर कुणाचंच ऐकत नव्हत्या.

धाकट्याची गंमत अशी, की प्रत्येक मेंढीशी तो बोलल्याशिवाय कात्री लावत नसे. एकीला आजीबाई म्हणे, एकीला भांडकुदळ, एकीला सरकार. मेंढीला बुडावर बसवायची, डोकं काखेत घ्यायचं आणि पोटापासून पाठीकडे कात्री न्यायची. लोकर अंगरखा उतरावा तशी अख्खी उतरत होती आणि आतून निघालेलं किडकिडीत जनावर लाजून कळपात घुसत होतं. दहाव्या मेंढीला त्याची कात्री थांबली. त्यानं एक बट उचलली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली, गोठ्याकडे एकदा नजर टाकली आणि पुन्हा कामाला लागला. त्यानंतर मात्र तो एकाही मेंढीशी बोलला नाही. थोरलीला वाटलं, दमला असेल बिचारा.

लोकर दिसायला सुरेख होती. लांब, दाट, दुधावरच्या सायीच्या रंगाची. ओढ्यावर धुऊन चार दिवस भिंतीवर वाळवली तेव्हा येणारेजाणारे हात लावून गेले. थोरलीनं त्यातली थोडी पिंजली आणि एका सकाळी चरखा मांडला.

सूत तुटलं.

तिनं जोडलं. हातभर निघालं आणि पुन्हा तुटलं. आधी तिनं स्वतःला बोल लावला, की मन ठिकाणावर नसेल. मग हवेला लावला, मग चरख्याची माळ बदलली, चातीला तेल दिलं. दुपारपर्यंत मांडीवर तुटक्या धाग्यांचा ढीग झाला. सूत तुटतंय म्हणजे काय, तर अख्ख्या वर्षाची मेहनत हातातून निसटतेय. शेवटी तिनं पाटीभर लोकर घेतली आणि विणकरणीकडे निघाली. थोरला म्हणाला, मीही येतो, पाय मोकळा होईल. प्लॅस्टर निघाल्यापासून तो पहिल्यांदाच गल्लीच्या टोकापर्यंत चालला. वाटेत तीन जणांनी त्याला थांबवून पायाची चौकशी केली आणि तिघांनाही त्यानं धोतर वर करून पाय दाखवला.

विणकरणीचं घर म्हणजे एक माग आणि मागाच्या कडेनं उरेल तेवढी जागा. ती जाडजूड बाई, चष्मा दोऱ्यानं मानेला बांधलेला. या घरची लोकर ती वर्षानुवर्षं घेत आलेली, कांबळ्यांच्या उभ्या धाग्याला तिला दुसरी कुणाची चालत नसे. तेव्हा तिथं आणखी दोन बायका आणि मागाची फणी दुरुस्त करणारा सुतार बसलेला होता. विणकरणीनं पाटीतून एक बट घेतली, दोन्ही टोकं चिमटीत धरली, कानाजवळ नेली आणि झटका दिला. बारीकसा कट् असा आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. मग तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी लोकरीची बट ओढली. ती तारेसारखी टणत्कारली.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "तुमची जनावरं मध्ये कधीतरी उपाशी होती, बाई."

थोरलीला ते खरंच वाटेना. ती म्हणाली, अहो, संध्याकाळी एकेकीचं पोट टम्म असतं, मी स्वतः हात लावून बघते.

"पोटाचं मला सांगू नका. पोट कशानंही भरतं, मातीनंसुद्धा. अंगाला लागलं पाहिजे. आणि जे लागतं ते आधी काळजाला जातं, मग पोटातल्या पिल्लाला, मग दुधाला. कातडी नि केस शेवटच्या पंगतीला बसतात. वाढता वाढता भांडं रिकामं झालं, तर उपाशी राहायचं ते त्यांनी. जनावर मरत नाही, बसत नाही, ओरडत नाही. केस तेवढा तिथं बारीक होतो. पुढं चांगलं खायला मिळालं की पुन्हा जाड निघतो. वरून काही दिसत नाही. ताणला की तिथंच तुटतो."

एवढं सांगून तिनं निकालही देऊन टाकला. उभ्या धाग्याला ही लोकर चालणार नाही, आडव्यालाही नाही. हवी तर उशांत भरायला घेईन. थोरलीच्या मनात उशांचा एक मोठा ढीग उभा राहिला आणि त्यावर डोकं ठेवून कितीतरी अनोळखी माणसं झोपलेली तिला दिसली. तिच्या कळपाची लोकर अशी उशीत जाईल असं तिला कधी स्वप्नातही दिसलं नव्हतं.

थोरल्याचा चेहरा मात्र लाल झाला. या घरची लोकर कुणी नाकारल्याचं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं आणि आता ऐकत होता ते चारचौघांत.

"कुणी उपाशी ठेवली ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "चार महिने वर डोंगरात कळप घेऊन कोण बसला होता? माझा भाऊ. मी इथं खाटेला खिळलेलो आणि तो तिकडं झोपा काढत होता."

सुतारानं मान खाली घातली. दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. विणकरीण म्हणाली, ते तुमचं तुम्ही बघा. पण गल्लीत एकदा पडलेला शब्द कुणी बघत बसत नाही. ती दोघं घरी पोचायच्या आत तो घरी पोचला होता.

धाकटा वाड्याचं कुंपण बांधत होता. मेंढ्यांचा वाडा तो, काट्याकुट्यांचा. थोरला सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मनात येईल ते बोलला. बापाच्या हयातीपासून या कळपाच्या लोकरीला नाव होतं, ते तू चार महिन्यांत घालवलंस. एवढा विश्वास टाकला त्याचं हे केलंस. धाकट्यानं हातातली दोरी सोडली नाही.

"वर एक दिवससुद्धा उपाशी नव्हती, दादा."

"मग लोकर खोटं बोलते?"

"लोकर खोटं बोलत नाही. मीही बोलत नाही."

एवढंच. पुढं त्यानं तोंड उघडलं नाही आणि न बोलणारा माणूस अपराधी दिसतो. थोरल्यानं हात पुढे केला आणि धाकट्याच्या बगलेतली राखणीची काठी मागितली. धाकट्यानं ती दिली. लहानपणी पहिल्यांदा कळपामागं गेला तेव्हापासून ती त्याच्याकडे होती, मूठ त्याच्याच तळव्यानं गुळगुळीत झालेली. थोरला म्हणाला, आता कळप मी बघेन, लंगडत का होईना. खाणीवर माणसं घेताहेत, उद्या दुपारी त्यांची गाडी नाक्यावर येते, तू तिकडे जा. ज्याला जित्राब कळत नाही त्यानं दगड फोडावेत.

त्या दिवशी घरात जेवण शिजलं, पण जेवलं असं कुणी नाही. धाकट्याची बायको, धाकटी, कणीक मळता मळता रडत होती. ती थोरलीला म्हणाली, ताई, तुमचं ते ऐकतात, तुम्ही एक शब्द बोला ना. थोरलीनं चुलीत लाकूड सरकवलं. खरं सांगायचं तर तिच्याही मनात येऊन गेलं होतं, की तरणाताठा गडी, डोंगरात एकटा, पडून राहिला असेल चार दिवस. या विचाराची पुढं तिला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर सुनं सुनं होतं. ऊन मऊ पडलेलं. थोरली भिंतीशी बसून उरलेली लोकर उशांसाठी पोत्यात भरत होती आणि भरता भरता नेहमीसारखी हरवली. एक लांब बट तिनं मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून बोट फिरवू लागली. वरचं टोक मळकट, उन्हानं पिवळं पडलेलं. तो मागच्या वर्षीच्या कातरणीनंतरचा उन्हाळा. त्याखाली लोकर एकदम जिवंत होत होती, दाट, चमकदार, बारीक बारीक लाटांची. हा पावसाळा, हा डोंगर. तिचं बोट त्या लाटांवरून चढत गेलं आणि ती कधी न गेलेल्या त्या डोंगरावर जाऊन पोचली. कमरेएवढं गवत होतं, ढग अंगावरून जात होते, धाकटा शीळ घालत होता आणि मेंढ्या मान वर न करता खात होत्या. किती वेळ ती तिथं होती कोण जाणे. कुठंही बोट अडखळलं नाही.

मग ती उतरली. कळप घरी आला, पाऊस संपला, थंडी पडू लागली. आणि तिथं बोटाखालची लोकर एकाएकी बारीक झाली. तिनं बट ताणली. तिथंच तुटली.

हातात राहिला तो तुकडा कातरलेल्या टोकाकडचा, म्हणजे कातडीजवळचा, अगदी ताजा. तिनं त्यावर बोटं आडवी ठेवली. तीन बोटं. दुसरी बट घेतली. तीन बोटं. पोत्यात हात घालून दहा वेगवेगळ्या मेंढ्यांच्या बटा काढल्या. कुठं सव्वातीन, कुठं जरा कमी, पण तीनच. माहेरी आईनं शिकवलेलं होतं, की महिन्याला एक बोट वाढ. तीन महिन्यांपूर्वी डोंगर कुठला आणि धाकटा कुठला? तीन महिन्यांपूर्वी धुकं होतं.

बावीस दिवस धुकं होतं. अंगणातून वाडा दिसत नव्हता आणि गवतावर सकाळी बर्फासारखं दहिवर असायचं. धाकटा बायकोला आणायला सासुरवाडीला गेला होता आणि धुक्यानं तिकडेच अडकला. कळप वाड्यात होता आणि तिच्या हातात होता. त्याच दिवसांत थोरल्याचं हाड दुसऱ्यांदा बसवलं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, दूध द्या, भरपूर द्या. वाळवलेला लसूणघास थोडाच होता. दरवर्षी अशा दिवसांत तो मेंढ्यांना मिळायचा. तिनं तो पेंडीपेंडीनं गोठ्यातल्या गायीपुढे टाकला आणि मेंढ्यांना गव्हाचं काड. सोनेरी, कोरडं, कुरकुरीत काड. मेंढ्यांनी ते पोट फुटेस्तोवर खाल्लं. त्यांची टम्म पोटं चाचपून ती समाधानानं घरात यायची.

गाय तेव्हा कशी दिसत होती! पाठीवर हात ठेवला तर घसरावा अशी तुकतुकीत. अंगावर एक केस उभा नव्हता. गल्लीतली माणसं विचारत, काय घालता हो हिला? थोरली नुसती हसायची. दूध असं दाट यायचं की पेल्याला साय चिकटून बसे. थोरला ते पिऊन ओठ पुसायचा आणि म्हणायचा, पायात ऊब आल्यासारखं वाटतंय. त्याच दिवसांत तिच्या स्वतःच्या फणीतही केसांचे पुंजके यायचे. तिनं ते काळजीवर टाकलं होतं.

थोरली भिंतीला टेकून बसली. आता तिला कसलंही स्वप्न पडत नव्हतं. गप्प बसणं किती सोपं आहे ते तिला स्पष्ट दिसत होतं. पोत्याचं तोंड शिवायचं, लोकर उशांत जाईल आणि तीन बोटं कुणी मोजणार नाही. धाकटा खाणीवर जाईल, नाव त्याचंच जाईल आणि तिचा संसार आहे तसा राहील. तिला थोरल्याची भीती नव्हती. भीती एवढीच होती, की तो आपल्या पायाकडे बघेल आणि तो पाय त्याला गोड लागणार नाही.

अंगणात धाकटा गाठोडं बांधत होता. थोरला वाड्याच्या दाराशी धाकट्याच्या काठीवर भार टाकून उभा होता आणि मेंढ्या त्याच्याकडे पाठ करून. थोरली पदरात बटा घेऊन दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"भाऊजींनी नाही," ती म्हणाली. "मी उपाशी ठेवली."

मग तिनं सगळं सांगितलं. बोटं मोजून दाखवली, धुक्याचे दिवस मोजले, घास कुठं गेला ते सांगितलं.  थोरला मध्ये एकदाच बोलला. तुला कळत नव्हतं? ती म्हणाली, नाही, पोटं भरलेली दिसायची. मग धाकट्याकडे वळून तिला माफी मागायची होती, पण तोच आधी बोलला.

"मला माहीत होतं, वहिनी. कातरतानाच कळलं. तीन बोटं मीही मोजली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" तो गाठोड्याची गाठ चाचपत म्हणाला. "दादाचा पाय जुळत नव्हता. मी असतो तर मीही गायीलाच घातलं असतं."

थोरल्यानं थोरलीच्या पदरातून एक बट घेतली. त्याला ती कला नव्हती, दोनदा ताणूनही तुटेना आणि तिसऱ्यांदा तुटली. त्यानं बोटं लावली. दुसरी घेतली, पुन्हा लावली. मग खाली वाकून धोतराच्या कडेखालच्या आपल्या पायाकडे तो बराच वेळ बघत राहिला, जणू दुसऱ्याचा पाय आपल्याला लावलाय.  थोरलीला वाटलं, आता हा काहीतरी फेकेल, किंवा मला माहेरी जा म्हणेल. त्यानं वहाणा पायात सरकवल्या आणि तो फाटकातून बाहेर पडला.

ती मागोमाग गेली. तो भरभर चालायचा प्रयत्न करत होता आणि काठी दगडांवरून निसटत होती. वाटेत एकानं पायाची चौकशी केली, पण आज त्यानं थांबून पाय दाखवला नाही. कुठं चाललाय ते तिच्या लक्षात आलं आणि ती मनात वाक्य जुळवू लागली. चूक माझी, विणकरीणबाई. घास मी गायीला घातला. यांना काही माहीत नव्हतं. वाक्य जुळलं तेव्हा ती दारात पोचली होती.

मागावर काम चालू होतं. सुतार फणी बसवत होता, कालच्यापैकी एक बाई सूत मोजून घेत होती. विणकरणीनं चष्म्यावरून बघितलं आणि उशांची लोकर आणलीत का, असं विचारलं.

"नाही," थोरला म्हणाला. त्याला धाप लागली होती. "काल मी इथं माझ्या भावाबद्दल एक बोललो. ते खोटं होतं. त्यानं जनावरं उपाशी ठेवली नाहीत."

माग थांबला. थोरलीनं पुढं होऊन तोंड उघडलं. थोरल्यानं तिच्याकडे न बघताच हात आडवा धरला.

"त्यांच्या वाटचं मी खाल्लं," तो म्हणाला.

कुणालाच काही उमगलं नाही. सुतार त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. विणकरणीनं, बसा तरी आधी, असं म्हणत पाट पुढं सरकवला. पण तो बसला नाही. पाय मध्येच दगा देईल या काळजीनं धाकटा मागून आला होता आणि गाठोडं हातात घेऊन बाहेर रस्त्यातच थबकला होता. थोरला दाराकडे वळला.

"मी खाल्लं," तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्यानं, रस्त्यात ऐकू जाईल असं.